एमजीबीत व्ही८ इंजिन बसल्यावर ब्रेक आणि चाकं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी १९६७ ची एमजीबी रोडस्टर आहे, म्हणजे उघड्या टपाची इंग्लिश स्पोर्ट्स कार. मामा डॉक्टर होते. इंग्लंडातली नोकरी संपवून सोलापूरला परतताना त्यांनी ती सोबत आणली. तिचं मूळ चार सिलिंडरचं इंजिन तिकडंच काढून रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन बसवलेलं होतं, आणि इथल्या आरसीवरही तेच इंजिन नोंदलेलं आहे. ब्रेक आणि चाकं मात्र जुन्या इंजिनाच्या वेळचीच राहिली होती. मामांनंतर गाडी माझ्याकडे आली आणि हे दोन्ही नीट करण्यात माझी चार वर्षं गेली. सात रस्त्याच्या सिग्नलला उभं राहिलं तरी शेजारचा मोटरसायकलवाला वाकून पहिला प्रश्न विचारतो तो "किती पळते?" असा. ज्यांच्याकडे स्वतःची जुनी गाडी आहे ते मात्र पुढचं विचारतात. ही उत्तरं त्यांच्यासाठी.

इंजिन बदललं तर ब्रेक कशाला बदलायचे? गाडीचं वजन तर तेवढंच आहे ना?

वजन खरंच तेवढंच आहे. रोव्हरचं व्ही८ ॲल्युमिनियमचं, साधारण १४५ किलोचं. एमजीबीचं मूळ १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन बिडाचं, त्याहून हलकं नाही. (आपल्या ॲम्बेसेडरमधलं १४८९ सीसीचं इंजिन याच बी-सिरीज घराण्यातलं, म्हणून जुने मिस्त्री एमजीबीचं बॉनेट उघडलं की ओळखीचं हसतात.) म्हणजे ब्रेकवरचा भार वजनामुळं वाढत नाही, वेगामुळं वाढतो.

हिशेब करून बघा. दोन माणसं बसल्यावर गाडी ११०० किलोची धरू. ताशी १०० किलोमीटरवरून थांबवायची तर सुमारे ४२४ किलोज्यूल ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडायला हवी. १४० वरून थांबवायची तर ८३० च्या पुढं, म्हणजे जवळजवळ दुप्पट. यातली सत्तर टक्के पुढच्या दोन डिस्कवर पडते असं धरलं, तर १०० वरून एकदा जोरात थांबल्यावर त्या दोन प्लेटांत जेवढी उष्णता शिरते तेवढ्यात माठातलं लिटरभर पाणी उकळेल. तेही साडेतीन-चार सेकंदांत. १४० वरून दोन लिटर. मूळ इंजिन ९५ अश्वशक्तीचं. त्यानं १४० गाठायला वेळ लागायचा, तेवढ्या वेळात डिस्क गार व्हायच्या. व्ही८ तो वेळ देत नाही. दोन ब्रेकांमधलं अंतर कमी झालं, ही खरी अडचण.

त्यात आपलं सोलापूर. मे महिन्यात दुपारी हवाच ४२-४३ अंशांवर असते, डांबर त्याहून तापलेलं. इंग्लंडात पुरणारा थंडावा इथं पुरत नाही.

कारखान्यानं व्ही८ बसवलं तेव्हा त्यांनी काय केलं होतं?

हा प्रश्न सगळ्यांनी आधी विचारावा. केन कोस्टेलो यांनी १९७० च्या सुमारास एमजीबीत रोव्हर व्ही८ बसवून विकायला सुरुवात केली. मग १९७३ ला एमजीनं स्वतःच बंद टपाची एमजीबी जीटी व्ही८ काढली. ३५२८ सीसी, १३७ अश्वशक्ती. १९७६ पर्यंत २५९१ गाड्या झाल्या. तिला त्यांनी पुढं जाड डिस्क आणि मोठे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे चिमटे) दिले, मागं ड्रमच (ज्यात शू आतून दाबतात) ठेवले. आणि तारेची चाकं तिच्यावर दिलीच नाहीत, पोलादी कडा आणि मिश्रधातूचा मधला भाग अशी डनलॉपची चाकं दिली. पुढं १९९० च्या दशकातल्या एमजीच्याच आरव्ही८ ला, जिची ताकद १९० अश्वशक्तीपर्यंत गेली होती, हवेशीर डिस्क आणि चार पिस्टनचे कॅलिपर आले. तिथंही मागं ड्रमच.

ज्यांनी गाडी घडवली त्यांनी कोणत्या ताकदीला काय पुरेसं मानलं, ते या दोन गाड्यांत दिसतं. मी माझी गाडी जीटी व्ही८ आणि आरव्ही८ च्या मधोमध ठेवली आहे.

आधी काय करायचं, इंजिन की ब्रेक?

ब्रेक. माझ्याकडे इंजिन आधीपासून होतं, त्यामुळं मला क्रम निवडता आला नाही, आणि त्याची किंमत मी मोजली. तुमच्या हातात क्रम असेल तर मूळ इंजिनावरच ब्रेक, पाइप, चाकं, टायर सगळं पूर्ण करा, हजारभर किलोमीटर चालवा, आणि मगच नवं इंजिन बसवा.

किंमत मोजली म्हणजे काय झालं होतं?

१९६७ च्या गाडीत ब्रेकचं एकच सर्किट असतं. पेडलचा जोर ब्रेक ऑइलला देणारा मास्टर सिलिंडर एक, त्यातून निघणारा पाइप एक, तोच फाटे फुटून चारही चाकांना जातो. कुठंही एक जोड सुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला.

एका गॅरेजात मागच्या एक्सलवरचा तीन तोंडी जोड बदलून घेतला होता. जुना गंजला होता. तुळजापूरला देवीचं दर्शन घेऊन परत येत होतो. घाट उतरताना समोर उसाची ट्रॉली आली, मी पेडल जोरात दाबलं, पायाखाली 'टक्' झालं आणि पेडल थेट पत्र्याला टेकलं. पुन्हा दाबलं, काही नाही. तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरला आणलं, हँडब्रेक दाता-दातानं ओढत गेलो. हँडब्रेक तारेवर चालतो, ब्रेक ऑइलवर नाही, म्हणून तो शिल्लक होता. ट्रॉलीच्या मागं हातभर अंतरावर गाडी थांबली. शेजारी बायको होती. ती काही बोलली नाही, खाली उतरून रस्त्याकडेच्या दगडावर बसली.

घरी आणून बघितलं तर जोडातून नळीचा नट जसाच्या तसा बाहेर आलेला. आतले आटे खरवडून निघालेले, पितळेचा चुरा बोटाला लागत होता. कारण साधं होतं. इंग्लिश गाडीच्या ब्रेक नळीचा नट ३/८ इंची असतो, म्हणजे ९.५ मिलिमीटर, इंचाला २४ आटे. बाजारात मिळालेला नवा जोड १० मिलिमीटर मेट्रिक होता, आट्यांचं अंतर १ मिलिमीटर. आट्यांच्या अंतरात फरक इतका थोडा की इंची नट मेट्रिक भोकात हातानं सहज फिरतो, पान्यानं कसला की घट्टही वाटतो. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना गळत नाही. रोजच्या हलक्या ब्रेकलाही गळत नाही. जीव तोडून ब्रेक मारायची वेळ येते त्याच दिवशी तो सुटतो.

तेव्हापासून दोन गोष्टी पक्क्या केल्या. एक, गाडीतला प्रत्येक जोड आट्यांच्या गेजनं मोजायचा, नजरेनं नाही. दोन, दुहेरी मास्टर सिलिंडर. पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी, एक सर्किट गेलं तरी दुसरं राहतं. नंतरच्या एमजीबींना कारखान्यानंच ते दिलं होतं. डिस्क किती इंचाची घ्यायची ते नंतर ठरवा. पैसे एकाच कामाला पुरणार असतील तर ते दुहेरी सिलिंडरला आणि नव्या नळ्यांना घाला. नळ्यांसाठी तांबं-निकेलची नळी घ्या, ती गंजत नाही आणि हातानं वळते. साधी तांब्याची नको, ती धक्क्यानं कडक होऊन तडकते.

डिस्क मोठी घेऊ की जाड?

दोन्हींचा उपयोग वेगळा. डिस्कचा व्यास वाढला की पॅडची पकड केंद्रापासून लांब जाते आणि तेवढ्याच दाबात चाक जास्त जोरानं थांबतं. जाडी वाढली की उष्णता साठवायला जास्त धातू मिळतो. मधे हवेच्या वाटा असलेली डिस्क ती उष्णता लवकर बाहेर टाकते. आपल्याकडचं ऊन आणि ट्रॅफिक बघता मी हवेशीर डिस्कला पहिली पसंती देतो, व्यास मूळ पावणेअकरा इंचाच्या आसपास ठेवून. व्यास फार वाढवला की १४ इंची चाक बसत नाही आणि खर्चाची दुसरी रांग सुरू होते.

भोकं पाडलेल्या डिस्क घेऊ नका. दिसायला छान, पण भोकाच्या कडेला तापून-निवून बारीक चिरा धरतात. पावसात पॅड स्वच्छ राहावे म्हणून हवंच असेल तर खाचा पाडलेल्या घ्या. सरळ सपाट डिस्कही चांगलीच.

चार पिस्टनचे कॅलिपर बसवले आणि पेडल खाली जायला लागलं. हवा तर चार वेळा काढली.

हवा राहिलेली नसेल. क्षेत्रफळाचा हिशेब चुकला असेल.

पिस्टनची संख्या महत्त्वाची नाही, एका बाजूच्या पिस्टनांचं एकूण क्षेत्रफळ महत्त्वाचं. समजा जुन्या कॅलिपरला एका बाजूला ५४ मिलिमीटरचा एक पिस्टन होता, क्षेत्रफळ सुमारे २३ चौरस सेंटिमीटर. नव्या कॅलिपरला एका बाजूला ३८ मिलिमीटरचे दोन असतील तर तेही मिळून जवळजवळ तेवढंच. पेडल पूर्वीसारखंच लागेल. पण तेच दोन ४४ मिलिमीटरचे असतील तर ३० च्या वर गेलात. आता पॅड तेवढेच सरकवायला जास्त ऑइल ढकलावं लागतं, म्हणून पेडल खोल जातं.

मग लोक मास्टर सिलिंडर मोठा टाकतात. पाऊण इंचावरून सात-अष्टमांश इंचावर गेलात की क्षेत्रफळ ३६ टक्के वाढतं. पेडल वर येतं खरं, पण तेवढाच दाब मिळवायला पायाला तेवढाच जास्त जोर लावावा लागतो. फुकट काही मिळत नाही. म्हणून कॅलिपर मागवायच्या आधी त्याच्या पिस्टनचं माप विचारा. विक्रेता फक्त "फोर पॉट आहे, एकदम भारी" एवढंच सांगत असेल तर दुसरीकडे बघा.

मग सर्वो बसवला की झालं ना?

सर्वो म्हणजे इंजिनाच्या व्हॅक्यूमवर पेडलला मदत करणारा डबा. तो पायाचे कष्ट कमी करतो, ब्रेकची कमाल ताकद वाढवत नाही, आणि तापलेला ब्रेक तर मुळीच सुधारत नाही. घरातली सगळी माणसं गाडी चालवणार असतील तर जरूर बसवा. इंजिनात जास्त लिफ्टचा (व्हॉल्व्ह जास्त उचलणारा) कॅमशाफ्ट असेल तर आयडलिंगला व्हॅक्यूम कमी पडतो, ते आधी गेज लावून मोजा. आणि नळीत एकमार्गी व्हॉल्व्ह विसरू नका.

मागेही डिस्क लावू का?

माझं उत्तर नाही असं आहे, आणि यावर माझा बऱ्याच जणांशी वाद झालेला आहे.

जोरात ब्रेक मारला की गाडी नाक खाली घालते. एमजीबीचे पुढचे-मागचे एक्सल २.३१ मीटर अंतरावर आहेत. वजनाचा मध्यबिंदू जमिनीपासून अर्ध्या मीटरवर धरला आणि टायर चांगल्या रस्त्यावर जेवढा पकडतील तेवढा ब्रेक मारला, तर एकूण वजनातलं सतरा टक्के मागून पुढं जातं. उभी असताना निम्मं-निम्मं असलेलं वजन त्या क्षणी पुढं ६७, मागं ३३ होतं. हलक्या झालेल्या मागच्या चाकांवर डिस्कची जोरदार पकड आली तर ती आधी लॉक होतात, आणि मागची चाकं लॉक झालेली गाडी गर्रकन फिरते. पुढची लॉक झाली तर गाडी निदान सरळ तरी जाते.

त्यात हँडब्रेक. ड्रमचा हँडब्रेक पक्का धरतो. डिस्कवर हँडब्रेक जमवणं हे वेगळंच काम होऊन बसतं. तुळजापूरच्या घाटात मला ड्रमच्याच हँडब्रेकनं वाचवलं, हे मी विसरू शकत नाही.

मागं ड्रम ठेवा, शू चांगल्या लायनरचे घ्या, व्हील सिलिंडर नवे घाला, आणि मागच्या नळीवर दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह बसवा. मोकळ्या, कोरड्या जागेत कुणाला तरी बाहेर उभं करा आणि कोणती चाकं आधी घसरतात ते बघून तो लावा. पुढची किंचित आधी घसरली पाहिजेत. लावल्यावर त्याला खूण करून हात लावू नका.

ब्रेक ऑइल कोणतं?

डॉट ४ किंवा डॉट ५.१. (डॉट हा डब्यावर छापलेला ऑइलचा दर्जा.) नवं डॉट ३ २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ २३० ला, ५.१ २६० ला. पण ऑइल हवेतला ओलावा पितं. ओलावलेलं डॉट ३ १४० लाच उकळतं, डॉट ४ १५५ ला. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे, आणि बुडबुडा दाबला जातो, म्हणून पेडल मऊ होऊन खाली जातं. दरवर्षी पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आधी, मी पूर्ण ऑइल बदलतो. अर्धवट वापरलेला डबा ठेवत नाही.

डॉट ५ हे सिलिकॉनचं, वेगळं रसायन आहे. आकड्यावरून ते ५.१ चा धाकटा भाऊ वाटतं, पण दोन्ही कधीही एकत्र करू नका.

पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही. पेडल मऊ आहे आणि गाडी थांबत नाही. दोन्ही एकच का?

नाही. कडक पेडल आणि थांबत नाही म्हणजे पॅड तापून घसरायला लागले, ऑइल ठीक आहे. मऊ पेडल म्हणजे ऑइल उकळलं. पहिल्यात पॅडचा दर्जा बदला, दुसऱ्यात ऑइल. दोन्ही वेळा तेव्हापुरता उपाय एकच. गिअर खाली घ्या, बाजूला थांबा, वीस मिनिटं गाडीला हात लावू नका. पाणी ओतू नका, लाल डिस्क तडकते. आणि थांबल्यावर हँडब्रेक न ओढता चाकाला दगड लावा, कारण तापलेला ड्रम गार होताना आकसतो आणि शू त्यात चिकटून बसतात.

नवे पॅड टाकल्यावर ब्रेक आधीपेक्षा कमी वाटतात.

रुळवले नाहीत म्हणून. मी पहाटे साडेपाचला विजापूर रस्त्यावर शहर सोडून पुढं जातो, मागं-पुढं कुणी नसतं. ताशी ६० वरून १५ पर्यंत मध्यम जोरानं ब्रेक, पूर्ण न थांबता परत ६०, असं आठ-दहा वेळा. शेवटी शेवटी जळका वास येतो, तो यायलाच हवा. मग ब्रेक न वापरता दहा किलोमीटर निवांत चालवून सगळं गार करायचं. तापलेल्या स्थितीत पेडल दाबून उभं राहिलात तर पॅडचा थर डिस्कच्या एकाच जागी चिकटतो आणि पुढं कायम थरथर लागते.

ही थरथर आली की सगळे म्हणतात "डिस्क वाकली". बहुतेक वेळा वाकलेली नसते, थर चिकटलेला असतो किंवा हबच्या तोंडावर गंज राहिलेला असतो. हब तारेच्या ब्रशनं घासून, डायल गेज लावून बघा. १० शतांश मिलिमीटरच्या आत असेल तर डिस्कला दोष देऊ नका. एमजीबीच्या पुढच्या हबमध्ये दोन बेअरिंगांच्या मधे एक नळीसारखा स्पेसर आणि पातळ शिम असतात. सफाई करताना ते "जास्तीचं वॉशर" म्हणून बाजूला पडलेले मी दोनदा पाहिलेत. त्यांच्यामुळंच बेअरिंगला नेमकी मोकळीक मिळते. ते नसतील तर नवी डिस्कही डुलेल.

तारेची चाकं ठेवता येतील का? गाडीची शोभा तीच आहे.

मलाही ती प्राणप्रिय होती. मधोमध एकच पंखांचा नट, हातोडीनं ठोकायचा, चाक निघालं. पण सगळी ताकद तारांतून आणि हबच्या दात्यांतून जाते. दाते झिजले की गिअर बदलताना मागून 'टक' असा आवाज येतो. तो आवाज आला की हब आणि चाक दोन्ही गेलं समजा. मूळ चाकं ६० तारांची, ७२ तारांची जास्त दमदार. व्ही८ ला ठेवायचीच असतील तर ७२ च्या खाली जाऊ नका, तारांच्या भोकांमुळं आत ट्यूब लागते हे लक्षात ठेवा, आणि दर महिन्याला पेन्सिलीनं एकेक तार वाजवून बघा. सैल तारेचा आवाज बद्द येतो.

मी ती उतरवली. मामांच्या खोलीत भिंतीला टांगून ठेवली आहेत. उतरवताना एक अडचण आली, ती आधी सांगतो. तारेच्या चाकांच्या गाडीचा मागचा एक्सल साध्या चाकांच्या गाडीपेक्षा अरुंद असतो. म्हणून नुसते हब बदलून भागत नाही, चाकाचं ऑफसेट (चाक हबपासून किती आत-बाहेर बसतं ते) त्या अरुंद एक्सलला जुळणारं घ्यावं लागतं, किंवा एक्सलच बदलावा लागतो.

टायर सोलापुरात मिळतील असं माप कोणतं?

ही आपल्या नशिबाची गोष्ट आहे. एमजीबीला चालणाऱ्या १६५ आर १४ टायरचा बाहेरचा व्यास साधारण ६२० ते ६२५ मिलिमीटर. मारुती स्विफ्टच्या साध्या मॉडेलला १६५/८० आर १४ येतो, वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५. दोघांचा व्यास ६२० च्या आसपास, म्हणजे आपल्याला हवा तोच. दोन्ही गावातल्या कुठल्याही टायरच्या दुकानात मिळतात. मी १५ इंची चाकावर १८५/६५ घेतला. आत कॅलिपरला जागा मिळाली, स्पीडोमीटर खोटं बोलत नाही.

घेताना टायरच्या बाजूवर मापाच्या शेवटी असलेलं इंग्रजी अक्षर वाचा. एस म्हणजे ताशी १८०, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०. व्ही८ ला एचच घ्या, तुम्ही ८० नं चालवत असलात तरी. टायर किती तापमान सोसतो, तेही त्याच अक्षरात आलं. तयार झाल्याचा आठवडा आणि वर्षही चार आकड्यांत छापलेलं असतं. अशा गाड्या कमी चालतात, टायरची नक्षी शाबूत राहते आणि रबर मात्र म्हातारं होतं. सहा वर्षांपुढचा टायर मी ठेवत नाही.

एक गोष्ट नीट समजून घ्या. एकदाच जोरात थांबायचं असेल तर गाडी किती अंतरात थांबते ते टायर ठरवतो. चांगल्या टायरवर मूळ ब्रेकही चाक लॉक करू शकतात. मोठे ब्रेक पाचव्या-सहाव्या वेळेला कामी येतात.

दुसऱ्या गाडीच्या ॲलॉय रिम बसतील का? चार नट तर सारखेच दिसतात.

चार नट असले तरी ते किती मोठ्या वर्तुळावर आहेत ते बघा. एमजीबीचं वर्तुळ ११४.३ मिलिमीटर. चार नटांच्या चाकात मोजणं सोपं, समोरासमोरच्या दोन स्टडांच्या मध्यापासून मध्यापर्यंत. अलीकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांचं १०० आहे, ती जुळणारच नाहीत. वर्तुळ जुळलं तरी आजच्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांचं चाक आत खूप घुसलेलं असतं, टायर स्प्रिंगला किंवा मडगार्डच्या आतल्या बाजूला घासतो. मग लोक ॲल्युमिनियमच्या सुट्या चकत्या मधे घालतात. नका घालू. चकतीनं स्टड आखूड पडतो. नट निदान स्टडच्या जाडीएवढा तरी आत फिरला पाहिजे.

विकत घ्यायच्या आधी कॅलिपरचा साचा करा. मी चादरीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून कॅलिपरची बाहेरची रेघ काढली, मधे हबचं भोक पाडलं आणि तो पुठ्ठा दुकानात नेऊन चाकाच्या आत फिरवून बघितला. चारही बाजूंनी ३ मिलिमीटर मोकळं पाहिजे. दुकानदारानं आधी नकार दिला होता, नंतर तो साचा त्यानंच ठेवून घेतला.

माझ्याकडे एमजी नाही. पद्मिनी आहे, किंवा हेरल्ड आहे.

नियम तेच. पद्मिनीला चारही बाजूंना ड्रम आहेत, इंजिन १०८९ सीसीचं. तिच्यात मोठं इंजिन टाकण्याआधी ड्रम लेथवर गोल करून घ्या, शू नवे घाला, आणि पुढं डिस्क करायची असेल तर आख्खा जोडा एकाच गाडीचा घ्या. हब एकाचा, डिस्क दुसऱ्याची, कॅलिपर तिसऱ्याचा अशी खिचडी नको.

मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेरल्ड आणि इंग्लंडातली ट्रायम्फ स्पिटफायर एकाच घरातल्या. स्पिटफायरला पुढं डिस्क होत्या, त्यामुळं हेरल्डवाल्यांना वाट तयार मिळते. पण जुन्या हेरल्डचं मागचं सस्पेन्शन असं आहे की वळणावर अचानक ब्रेक मारला तर मागचं चाक आत दुमडतं. तिच्यात ताकद वाढवायच्या आधी मागचं सस्पेन्शन सुधारा.

हे काम सोलापुरात होईल का, की पुण्याला न्यावं?

इथं होईल. गिरण्यांच्या काळापासून या गावाला लेथवरचा हात आहे, आणि आज इथं बनलेले कॅमशाफ्ट जगभरच्या इंजिनांत फिरतात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ब्रॅकेट आणि हबचं काम मी करून घेतलं. टर्नरला तोंडी सांगू नका, मापांसह कागदावर काढून द्या आणि कॅलिपरचं ब्रॅकेट कशाचं हवं ते लिहा. माझं १२ मिलिमीटर पोलादी प्लेटमधून कापलेलं आहे. ब्रॅकेटला वेल्डिंगचा जोड मी कुठंही चालवून घेत नाही.

आरटीओचं काय?

सगळ्यात आधी हे विचारा, इंजिन विकत घ्यायच्या आधी. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. निर्मात्यानं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्यामुळं एमएच-१३ च्या कार्यालयात लेखी अर्ज करून लेखी उत्तर घ्या. परवानगी मिळाली नाही तर मूळ इंजिन ठेवा आणि ब्रेक, टायर, नळ्या उत्तम करा. ९५ अश्वशक्तीची, चांगल्या ब्रेकांची एमजीबी ही फार गोड गाडी आहे.

५० वर्षांपुढच्या गाड्यांना २०२१ पासून व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. पण तिची अटच ही की गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको. शिवाय ती रोज वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. इंजिन बदललेल्या गाडीनं ती वाट धरू नये.

सगळं बसवून झालं. नट परत कधी कसायचे?

टॉर्क पान्यानं, समोरासमोर, चाक हवेत असताना निम्मे आणि जमिनीवर आल्यावर पूर्ण. मग ८० ते १०० किलोमीटरनंतर गार चाकावर परत एकदा. मी पंढरपूरला गेलो, गाडी वाळवंटाकडेला सावलीत तासभर गार होऊ दिली आणि तिथंच पाना लावला. मागच्या उजव्या चाकाचा एक नट पाव फेरा फिरला. बाकीचे पंधरा जागेवर होते.